दोनच रकाने

वकिलाच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपल्या पायांनी येतात, खुर्ची ओढून बसतात आणि वर चहा मागतात! फायली निदान कपाटात तरी मावतात. किस्से आपल्याबरोबर घरी येतात. रात्रीच्या जेवणाला मी एखादा सांगते. नवरा हसतो, आणि लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणते, "आई, दॅट्स सो सॅड." दोघांचंही बरोबर असतं.

शारजात रोल्लाच्या बाजाराला लागून आमचं ऑफिस आहे. मी तिथे कायद्याच्या कागदांची भाषांतरं करते आणि आपला मराठी-हिंदी माणूस कोर्टापुढे उभा राहिला की त्याची दुभाषी होते. साइटवरची माणसं मला ताई म्हणतात, बाजारातल्या बायका नीलिमावहिनी म्हणतात. आमचे वकील इथलेच, इमिराती. वकिलांना इकडे 'उस्ताद' म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. साठी उलटली आहे त्यांची. रागावले की आवाज चढत नाही, उलट खाली जातो. आवाज अगदीच ऐकू येईनासा झाला की समजायचं, आता पळा!

इतकी वर्षं आपल्या माणसांच्या केसेस बघून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. आपल्याला जिंकायचं नसतं, हरायचंही नसतं. आपल्याला मिटवून टाकायचं असतं! "ताई, काय असेल ते मान्य म्हणून टाका, पण मिटवून टाका." मिटवून झालं की पुन्हा महिन्याभराने तोच माणूस दारात. "ताई, ते मान्य म्हटलं होतं ना, ते मागे घेता येईल का हो?"

त्या मान्यचेच हे किस्से आहेत.

*

पहिला बापटकाकांचा. काकांचा इथे मसाल्यांचा होलसेल धंदा, तीस वर्षांचा. गाडी मागे घेताना एका दुकानाच्या शटरला लागली आणि काका न थांबता निघून गेले, अशी तक्रार. काकांचं म्हणणं, मला आवाजच आला नाही.

न्यायाधीशांनी विचारलं, "मान्य की अमान्य?"

काका सुरू झाले. शटर आधीच वाकलेलं होतं. दुकानदाराचा स्वभाव सगळ्या गल्लीला माहीत आहे. डॉक्टरांनी कानाचं मशीन लावायला सांगितलंय, पण लावलेलं नाही. गेल्या तीस वर्षांत एक सिग्नल तोडलेला नाही. शेवटी म्हणाले, "आता साहेब एवढे मोठे आहेत, ते म्हणतायत तर आम्ही काय बोलणार!"

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

मी नवीन होते. घाबरत म्हटलं, "मान्य, पण नाराजीने."

न्यायाधीश गालात हसले. समोरचा कागद माझ्याकडे वळवून बोट ठेवलं. "मॅडम, इथे दोनच रकाने आहेत. नाराजीचा रकाना नाही."

काकांनी मान्य म्हटलं, दंड भरला. बाहेर आल्यावर उस्तादांनी त्यांना समजावलं की अपिलात फार तर दंड जास्त झाला एवढंच म्हणता येईल, कारण गुन्हा तुम्ही स्वतःच्या तोंडाने कबूल केलाय. काका दुखावले. म्हणाले, "कबूल कुठे केलाय? मी फक्त वाद घातला नाही!"

हे वाक्य मी विसरलेले नाही. आपल्याकडची निम्मी माणसं असंच समजून मान्य म्हणतात.

*

दत्ताराम मला पहिल्यांदा भेटला तो स्क्रीनवर.

हल्ली बऱ्याच तारखा व्हिडिओवर होतात. मी आमच्या ऑफिसात, न्यायाधीश त्यांच्या दालनात आणि दत्ताराम तिकडे रुवैसला, रिफायनरीजवळच्या कॅम्पात. परांची बांधणाऱ्या टोळीचा तो फोरमन. राजापूरकडचा, चाळिशी पार केलेला. कपाळावर हेल्मेटचा वळ. कंपनीने वकील दुसरा दिला होता, आमच्याकडून फक्त मी दुभाषी.

त्याच्या टोळीतला महेश परांचीवरून पडून गेला होता. चोवीस वर्षांचा मुलगा. दत्तारामच्याच वाडीतला, दत्तारामनेच व्हिसा काढून आणलेला. आरोप असा, की कमरेच्या पट्ट्याचा हुक अडकवलाय की नाही हे फोरमनने पाहिलं नाही. निष्काळजीपणा केला.

"मान्य की अमान्य?" न्यायाधीशांनी विचारलं. मी मराठीत सांगितलं.

दत्ताराम म्हणाला, "ताई, मला काही म्हणायचं नाही."

मी जसंच्या तसं अरबीत सांगितलं. न्यायाधीश थांबले. म्हणाले, "त्याला सांगा, त्याचं दुःख मला कळतं. पण मला एक उत्तर लागेल."

मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "पोरगं गेलं. आता भांडून काय करू?"

तिसऱ्यांदा मी त्याला सावकाश समजावलं. अमान्य म्हटलंस तर साक्षी होतील, वेळ लागेल, पण तुझं म्हणणं ऐकलं जाईल. मान्य म्हटलंस तर निष्काळजीपणा तुझ्या नावावर लागेल. तो स्क्रीनच्या बाहेर कुठेतरी बघत होता. मग म्हणाला, "मान्य लिहा."

दंड झाला, तो कंपनीने भरला. महेशच्या घरच्यांना नुकसानभरपाई ठरली. राहिला पासपोर्ट. अपिलाची मुदत संपेपर्यंत फाइल उघडी राहणार आणि पासपोर्ट कोर्टात पडून राहणार. महेशचं वर्षश्राद्ध नऊ दिवसांवर आलं होतं. दत्तारामने त्याच्या आईला शब्द दिला होता, मी येणार.

यावर इथे एक उपाय असतो. 'तनाझुल' नावाचा कागद. मला अपील करायचं नाही, माझा हक्क मी सोडला, असं लिहून द्यायचं. फाइल लगेच बंद होते. विमान पकडायची घाई असलेली आपली माणसं हा कागद डोळे मिटून देतात.

मी दत्तारामला फोनवर त्यातली ओळ न् ओळ वाचून दाखवली. म्हटलं, "दत्ताराम, हे दिल्यावर मागे फिरता येत नाही."

तो म्हणाला, "ताई, मला घरी जायचंय. मागे कशाला फिरू?"

त्याच आठवड्यात त्या निकालाचं मराठी भाषांतर माझ्याकडेच आलं. महेशच्या आईला भरपाईच्या कागदांसाठी ते लागणार होतं. दोन पानं. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. 'आरोपी फोरमन याच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला.' आणि त्याच्याखाली, 'मृताकडून कोणतीही चूक झाल्याचे आढळत नाही.' मी शिक्का मारला. शिक्क्यात माझं नाव आणि मोबाइल नंबर असतो. कागद कुरिअरने वाडीला गेला.

*

दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये राहणाऱ्या अमोलची गोष्ट त्याच महिन्यातली.

अमोल सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या पदावर. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगवरून भांडण झालं आणि त्याने शेजाऱ्याला एक इंग्रजी विशेषण बहाल केलं. इथे हा गुन्हा आहे! शेजारी तडक तक्रार करून आला. काही दिवसांनी अमोलच्या मोबाइलवर मेसेज, लिंक, आणि लिंक उघडली की सरकारी वकिलांचा हुकूम. तीन हजार दिरहम दंड. खाली दोन बटणं. स्वीकारा, किंवा हरकत घ्या.

अमोल मीटिंगमध्ये होता. वेबसाइटवर दर दोन मिनिटांनी 'ॲक्सेप्ट' दाबायची सवय. दाबलं! कार्डाने दंड भरला आणि पुन्हा मीटिंगकडे वळला.

पुढे नवी नोकरी लागली, त्यांनी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला आणि त्यात हे सगळं आलं. मग तो बायको आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे.

"तीन हजार म्हणजे आपले सत्तर हजार गेले, ते जाऊ द्या," तो म्हणाला, "पण मी गुन्हा कुठे कबूल केला? मी फक्त पेमेंट केलं!"

उस्तादांनी विचारलं, "हरकतीचं बटण दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"वाचता येत होतं?"

"इंग्लिशमध्येच होतं, उस्ताद. पण याला काही अनडू नाही का?"

उस्तादांच्या आधी त्याची मुलगीच बोलली. "बाबा! यू ॲक्सेप्टेड विदाउट रीडिंग? यू शाउट ॲट मी फॉर दॅट!"

उस्ताद तिला म्हणाले, "तू मोठी झालीस की इथे नोकरीला ये." अमोलला मात्र ती नवी नोकरी मिळाली नाही. जिना उतरताना तो मुलीचा हात घट्ट धरून चालला होता आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

*

मोरेसाहेबांचा किस्सा छोटा आहे. अजमानमध्ये त्यांचं कॉन्ट्रॅक्टिंग. त्यांच्याविरुद्ध निकाल गेला, पण यांनी काही मान्य वगैरे म्हटलं नव्हतं. अपील करायला चांगली जागा होती. उस्ताद खूश! कागद तयार, फक्त मोरेसाहेबांनी येऊन सही करायची.

अपिलाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी आलेच नाहीत. फोन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन हजर.

"काल का नाही आलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"अहो वहिनी, काल अमावस्या! एवढ्या शुभ कामाला अमावस्येला सही करू?"

उस्तादांना अमावस्या म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. चंद्र दिसत नाही तो दिवस. उस्तादांचा आवाज खाली गेला, मग आणखी खाली.

"मोरे," ते म्हणाले, "आम्हीही चंद्र बघतो. पण ईदसाठी. अपिलासाठी नाही!"

पेढ्यांचा बॉक्स कितीतरी दिवस कुणी उघडला नाही.

*

सगळेच असे नसतात. रोल्लात डबे पोचवणाऱ्या शैलावहिनींचं नाव आमच्या ऑफिसात अजून आदराने घेतात.

लिफ्टमध्ये एका शेजाऱ्याशी शब्दाला शब्द लागला आणि त्याने तक्रार केली की या बाईने मला थोबाडीत मारली. वहिनी म्हणाल्या, मी बोलले, मारलं नाही. नवरा म्हणाला, मान्य करून टाक. दीर म्हणाला, मिटवून टाका. ज्यांच्याकडे डबे जायचे तेही म्हणाले, वहिनी, कशाला कोर्टाच्या फेऱ्या?

आमच्या ऑफिसात बसून नवरा त्यांना समजावत होता. "किरकोळ दंड आहे गं. मिटव ना."

वहिनी म्हणाल्या, "मिटवायला मी काय रांगोळी काढली होती?"

चार तारखा झाल्या. चौथ्या तारखेला लिफ्टच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आलं. कोर्टात सगळ्यांनी पाहिलं. भांडण चालू आहे, वहिनी तावातावाने मान हलवतायत, आणि दोन्ही हातांत चार-चार डब्यांच्या पिशव्या! न्यायाधीशांनी विचारलं, काही म्हणायचंय का?

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "मारायला तिसरा हात आणू कुठून?"

मी हे अरबीत सांगितलं तेव्हा कोर्टातला कारकूनसुद्धा लिहायचा थांबला. वहिनी सुटल्या. जाताना मला म्हणाल्या, "नीलिमावहिनी, मी केलं असतं ना, तर पहिल्याच दिवशी मान्य म्हटलं असतं."

तेव्हापासून कुणी आलं आणि "मान्य म्हणून टाकू का" विचारलं, की मी त्याला वहिनींचा किस्सा ऐकवते. दत्तारामला मात्र ऐकवायचा राहून गेला. त्याची वेळ आली तेव्हा मी फक्त दुभाषी होते. मान्य म्हणू नकोस, असं सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं. ही खंत मला आहे, आणि ती जाईल असं वाटत नाही.

*

दोनेक महिन्यांनी दत्ताराम ऑफिसच्या दारात उभा. या वेळी स्क्रीनवर नाही, समोर. खूप वाळला होता.

"ताई, ते मान्य मागे घ्यायचंय."

मी त्याला बसवलं. पाणी दिलं. तो तुटक तुटक बोलत राहिला. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून तो महेशच्या आईच्या, काकीच्या घरी जेवून मोठा झाला. वर्षश्राद्धाला गेला तेव्हा काकीने स्वतः त्याला वाढलं. तिसऱ्या दिवशी कुरिअर आलं. ग्रामपंचायतीतल्या क्लार्कने अंगणात उभं राहून कागद मोठ्याने वाचला. माझा कागद.

"काकी काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय नाय. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेतला नि आत गेली. मी असेपर्यंत दार उघडलं नाय."

उस्तादांनी त्याला आत बोलावलं. "त्या दिवशी खरं काय झालं ते सांग."

दत्तारामने सांगितलं. पट्ट्याला दोन हुक असतात. एका पाइपवरून दुसऱ्यावर जायचं तर एक हुक काढायचा, दोन पावलं टाकायची, पुन्हा लावायचा. नियम असा की दुसरा हुक लावल्याशिवाय पहिला काढायचा नाही. महेशने घाईत दोन्ही काढले. "मी खालून ओरडलो, महेश, हुक! तो माझ्याकडे बघून हसला. एवढंच." शेजारी काम करणाऱ्या एका नेपाळी मुलाने सगळं पाहिलं होतं आणि तो साक्ष द्यायला तयार होता.

"मग हे कोर्टात का नाही सांगितलंस?" उस्तादांनी विचारलं.

"मेलेल्या पोराच्या अंगावर कसं ढकलू, साहेब?"

मग उस्तादांनी जे सांगितलं ते मी दत्तारामला मराठीत सांगत गेले. तू गुन्हा कबूल केलास. त्यावर अपील करणार नाही असंही लिहून दिलंस. दार बंद आहे. एकच फट आहे. त्या दिवशी तुला काय विचारलं जातंय, कशावर सही घेतली जातेय, हे कळलंच नव्हतं, असं सिद्ध झालं तर कोर्ट दार उघडेल. म्हणजे दुभाष्याने नीट सांगितलं नाही, असं म्हणावं लागेल.

शेवटचं वाक्य सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की दुभाषी मीच!

अशा तक्रारीवरून लायसन जाऊ शकतं. सतरा वर्षांत माझ्यावर एक बोट उठलेलं नाही. पण समोर तो माणूस बसला होता आणि त्याच्या हातातला तांब्या माझ्या कागदाने गेला होता. मी म्हटलं, "लिहा उस्ताद. माझं नाव घाला."

दत्ताराम म्हणाला, "ताई, तुम्ही तर तीनदा सांगितलं होतं."

"सही कर," मी म्हटलं. त्याने मान खाली घालून सही केली.

*

तारखेच्या दिवशी दत्ताराम रुवैसहून पहाटेच्या बसने निघून साडेदहाला पोचला. सुनावणी अकराला, आमच्याच ऑफिसातून, व्हिडिओवर. या वेळी दुभाषी कोर्टाचा होता, हिंदीवाला. मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसायचं होतं.

उस्तादांनी दत्तारामकडून उत्तर घोटून घेतलं होतं. न्यायाधीश एकच प्रश्न विचारतील, कळलं होतं का? तू म्हणायचं, नाही. बस. पुढचं माझ्यावर सोड. उत्तर घोटून झाल्यावर उस्ताद आतल्या खोलीत कागद लावायला गेले.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. भारतातला नंबर. मी टाइप करत होते म्हणून स्पीकरवर टाकला.

"ताई बोलतायत काय? कागदावर तुमचा नंबर हाय. मी महेशची आई."

दत्ताराम खुर्चीतून अर्धा उठला.

"बोला काकी," मी म्हटलं.

"आमच्या वाडीत लोक बोलतायत. दत्ता कोर्टात गेलाय म्हणं, कागद बदलायला. म्हणतायत, पोरानच पट्टा सोडला आसंल, दत्ता उगाच अडकला." तिचा श्वास ऐकू येत होता. "ताई, त्या कागदात एक ओळ हाय. माझ्या पोराची कायपण चूक नाय, अशी. अक्षरं बारीक हायत, मला दिसत नायत. मी रोज कुणाकुणाकडून ती ओळ वाचून घेते. ती ओळ जाईल काय ओ?"

दत्ताराम दोन्ही हात टेबलावर ठेवून फोनकडे बघत होता.

"काकी, अजून काही बदललेलं नाही," मी म्हटलं. तेवढंच खरं होतं.

"बरं," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "मी फोन केलेला दत्ताला सांगू नका हां."

फोन बंद झाला. मी दत्तारामकडे पाहिलं नाही. अकराला पाच मिनिटं होती. उस्ताद बाहेर आले, त्यांनी लॅपटॉप उघडला आणि दत्तारामची कॉलर सरळ केली.

न्यायाधीशांनी अर्ज वाचला. कोर्टाच्या दुभाष्याने हिंदीत विचारलं, "उस दिन आप को जो पूछा गया और जिस कागज़ पर आप ने साइन किया, वो आप को समझ में आया था?"

"आया था, साब," दत्ताराम म्हणाला.

उस्तादांनी झटकन मान वळवली. न्यायाधीशांनी पुन्हा विचारायला लावलं, या वेळी सावकाश.

"सब समझ में आया था, साब. ताईने तीन बार समझाया था. मैंने ही बोला, मान्य लिखो."

अर्ज फेटाळला. चार मिनिटंही लागली नाहीत. उस्तादांनी लॅपटॉप मिटला. "खलास," ते म्हणाले, इतक्या खालच्या आवाजात की मला ओठांवरून कळलं. मग माझ्याकडे वळून अरबीत म्हणाले, "मी दार किलकिलं केलं, तर या माणसाने आतून कडी लावली! विचार त्याला, का?"

मी विचारलं नाही. उस्तादांनीही मग विचारलं नाही. ते आपल्या खोलीत गेले.

दत्ताराम उठला. बॅग खांद्याला लावली. दारापर्यंत गेला आणि परत आला.

"ताई, तो निकालाचा कागद आहे ना, मराठीतला. त्याची आणखी एक कॉपी द्याल? मोठ्या अक्षरात पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं स्वतः वाचता येईल अशी."

मी फाइल उघडली. अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी केली. दोन पानांची नऊ पानं झाली. तो माझ्या मागे उभा राहून स्क्रीनकडे बघत होता.

"ती महेशची ओळ पहिल्या पानावर घेता येईल काय?"

"ओळ हलवता येत नाही, दत्ताराम. जिथे आहे तिथेच ठेवावी लागते."

त्याने थोडा विचार केला.

"मग माझं नाव तरी जाड करा. ते पहिल्याच पानावर आहे. चूक कुणाची ते तिला लगेच सापडलं पाहिजे."

मी ते जाड केलं.